बदली बाई

"सहा आठवडे?" ओक-सिमताईंनी कागद वाचला आणि ओल्या टेबलावर पालथा टाकला. "नवा खांदा बसवणार आहेत की काय?"

मी म्हटलं, "स्नायू फाटलाय, ताई. शिवावा लागणार आहे. शिवल्यावर सहा आठवडे हात हलवायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले."

"डॉक्टरचं काय जातंय बोलायला. त्याला सातशे ऐंशी पोरं जेवू घालायची आहेत का?"

कागदावरची शाई पाण्यात पसरायला लागली होती. मी तो उचलून एप्रनला पुसला. एप्रन रबरी, त्यामुळे कागद आणखीच भिजला. टेबलाच्या पलीकडे जोंग-ये मुळे चिरत होती. ती माझ्याच वयाची, कामालाही माझ्याच वर्षी लागलेली. सुरी न थांबवता ती म्हणाली, "आमच्या खांद्यांना काय सोन्याचा मुलामा दिलाय? माझी दोन्ही मनगटं ठणकतात. मी आणला का कागद?"

आमचं स्वयंपाकघर कोरियाच्या किनाऱ्यावरच्या गुनसानमधल्या एका माध्यमिक शाळेच्या मागच्या अंगाला होतं. आम्ही सहा जणी. ओक-सिमताई मुख्य आचारीण. वय सत्तावन्न, नोकरी बावीस वर्षं. नवरा गेला तेव्हा तीन दिवस आल्या नाहीत, तेवढेच. चौथ्या दिवशी सकाळी साडेसातला गमबूट घालून त्या कढईपाशी उभ्या होत्या, असं जुन्या बायका सांगत. सांगताना त्यांच्या आवाजात धाक असे आणि आपल्या हातून तसं झालं नसतं याची थोडी लाजही.

आजारपणाची रजा कायद्याने मिळते. कागदोपत्री सगळं ठीक होतं. फक्त रजेवर जाणारीने आपली बदली बाई आपणच शोधून द्यायची, असा रिवाज पडला होता. तो कुणी लिहून दिलेला नव्हता, म्हणून मोडताही येत नव्हता.

मी अकरा जणींना फोन केले. एकीने विचारलं, "तळण असतं का?" मी हो म्हटलं. "मग नको." एकीने सगळी माहिती विचारून घेतली, कामाच्या वेळा विचारल्या आणि शेवटी मुख्य आचारीण कोण हे विचारलं. नाव ऐकल्यावर म्हणाली, "ती आहे होय अजून तिथे," आणि फोन ठेवला.

जेवणाचा तक्ता आखणाऱ्या बेकबाई एकोणतीस वर्षांच्या. हुद्द्याने आमच्या वर, वयाने आमच्या मुलींसारख्या. त्यांनी मला बाजूला घेतलं. "तुम्ही अगदी नीट बऱ्या व्हा, मि-रानबाई. मी वरच्या ऑफिसला बदलीसाठी लिहिलंय. पण सहाऐवजी चार आठवड्यांत जमेल का? नाही, मी आपलं विचारून ठेवतेय."

शेवटच्या दिवशी गमबूट काढून ठेवताना जोंग-ये म्हणाली, "जा, झोप निवांत. आम्ही गाढवं आहोतच."

ऑपरेशन नीट झालं. चार दिवसांनी मी घरी आले. नवरा जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात, तो सकाळी सहाला बाहेर पडायचा. मुलगी आ-रम शाळेतून परस्पर शिकवणीला जायची. सातव्या मजल्यावरच्या त्या दोन खोल्यांत दिवसभर मी एकटी. उजवा हात छातीशी बांधलेला. भर दिवसा अंथरुणावर पडण्याची आयुष्यातली ती पहिलीच वेळ.

वाटलं होतं, झोप लागेल. लागली नाही. घड्याळाकडे बघायची गरजच नव्हती. उन्हाची तिरीप कपाटाच्या कडीवर आली की नऊ वाजले, आता तांदूळ धुऊन झाले असतील. खाली कचऱ्याची गाडी वाजली की दहा, आता सूपला आच लागली. मग तेल. मग वाढप. मग ताटांचे ढीग. मी छताकडे बघत पडलेली असायचे आणि माझ्या वाटणीचं एकेक काम कुणाच्या तरी अंगावर पडताना मला दिसायचं.

मी पडदे ओढून घेतले. समोरच्या इमारतीतून कुणी पाहील म्हणून. पाहिलं तर काय होईल, हे मला सांगता आलं नसतं. टीव्ही लावला तरी आवाज बंद ठेवायचे. एकदा खाली दूध आणायला गेले तर लिफ्टमध्ये एक बाई सहज म्हणाली, "आज सुट्टी वाटतं?" मी चटकन स्वेटर बाजूला सारून तिला बांधलेला हात दाखवला. "ऑपरेशन झालंय. खांद्याचं." ती बिचारी गोंधळली. तिचं नावही मला माहीत नव्हतं आणि मी तिला पुरावा दाखवत होते.

आईचा गावाहून फोन आला. तिचं मिरचीचं शेत आहे, पंच्याहत्तरीतही ती त्यात वाकलेली असते. "तुझ्या वेळी मी चौथ्या दिवशी शेतात होते," ती म्हणाली. "फार पडून राहू नकोस. अंगाला गंज चढतो."

दुसऱ्या आठवड्यापासून मी डाव्या हाताने फरशी पुसायला लागले. कपडे दातात धरून घड्या घालायचे. ज्या दिवशी काहीच केलं नाही, त्या दिवशी संध्याकाळी नवऱ्यासमोर जेवायला बसताना मी भात कमीच वाढून घेत असे. तो बोलायचा काहीच नाही. न बोलता माझ्या ताटात माशाचा तुकडा ठेवायचा, आणि मला वाटायचं, हा हिशेबच विचारतोय.

आ-रमच्या टेबलावर तिने स्वतःच्या हाताने लिहून चिकटवलेली एक चिठ्ठी होती. चार तास झोप, पास. पाच तास झोप, नापास. आमच्याकडे ही म्हण माझ्या लहानपणापासून आहे, तिने ती कुठूनतरी पुन्हा उचलली होती. एका रविवारी दुपारी मी डोकावले तर ती पुस्तकावर गाल टेकून झोपली होती. मी तिला डाव्या हाताने गदागदा हलवलं. "ऊठ. तोंड धू जा. परीक्षा किती दिवसांवर आलीय?"

तिने डोळे उघडले. पुस्तक मिटलं.

"तू झोपतेसच की दिवसभर," ती म्हणाली.

आम्हा सहा जणींचा फोनवर एक गट होता. जोंग-येने त्यावर स्वतःच्या सुजलेल्या बोटांचा फोटो टाकला. खाली लिहिलं, "आज पाच जणींनी सातशे ऐंशी. मि-रान, झोप छान लागतेय ना?" पुढे हसरा चेहरा. बाकीच्या तिघींनीही हसरे चेहरे टाकले. मी काय लिहावं याचा तासभर विचार केला आणि "क्षमा करा" एवढंच लिहिलं. त्यावर कुणी काही लिहिलं नाही.

तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ओक-सिमताईंचा निरोप आला. त्या गटावर कधीच काही लिहीत नसत. हा फक्त मला होता. "उद्या तळण आहे."

मी गेले. ऑपरेशनला बावीस दिवस झाले होते.

कुणी "आलीस?" असंही म्हटलं नाही. ओक-सिमताईंनी मला नखशिखान्त पाहिलं. "हात वर जातो?"

"खांद्यापर्यंत जातो."

"कढई खांद्याच्या खालीच असते," त्या म्हणाल्या आणि झारा माझ्या हातात दिला.

तो खांदा नंतर कधीच पूर्ववत झाला नाही. आजही मी डाव्या हाताने केस विंचरते. त्या दिवशी तेलाच्या धुरात उभी राहून मी एकेक तुकडा उलटत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि मनात एकच गोष्ट घोळत होती. एक दिवस ही बाई पडू दे. माझ्या डोळ्यांसमोर पडू दे. मी देवाधर्माचं फारसं करत नाही, पण हे मात्र मी रोज मागितलं. वर्षभर.

आमच्या विश्रांतीला एक लहानशी खोली होती. खाली गरम फरशी, भिंतीला कपाटं. वाढप झाल्यावर वीस मिनिटं आम्ही पाच जणी भिंतीला पाय लावून पडायचो, म्हणजे पायांची सूज उतरायची. ओक-सिमताई कधी आत आल्या नाहीत. दारात उभ्या राहून म्हणायच्या, "बंदरावर बोंबील सुकत घातलेत जणू." मग बाहेर जाऊन ताटं धुवायच्या. त्या ताटांचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा. तो ऐकत वीस मिनिटं पडून राहणं कुणाला जमणार? दहाव्या मिनिटाला एक उठायची, मग दुसरी.

पुढच्या वर्षीच्या वसंतात वरून हुकूम आला. तळणाच्या धुरात काम करणाऱ्या सगळ्या बायकांच्या फुप्फुसांची तपासणी करायची. आम्ही सहाही जणी एकाच दिवशी एका मोठ्या यंत्रात सरकून आलो. जोंग-ये म्हणाली, "वीस वर्षं आम्ही ट्रे भट्टीत सरकवायचो, आज आम्हालाच सरकवलं." सगळ्या हसल्या. ओक-सिमताईंना तो वेळेचा अपव्यय वाटत होता. त्या तिथल्या बाकावरसुद्धा बसल्या नाहीत.

आम्हा पाच जणींचं बरं निघालं. त्यांचं काय निघालं, ते त्यांनी सांगितलं नाही आणि विचारायची कुणाची छाती नव्हती. पाच आठवड्यांनी एका सकाळी मी भाज्या मोजून घेत होते, तेव्हा त्या माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. हातात कागद.

"सहा आठवडे," त्या म्हणाल्या. "तुझ्याकडे आचाऱ्याचा परवाना आहे. तोवर कढया तू बघ."

मी वाचलं. उजव्या फुप्फुसाचा एक भाग काढून टाकणार होते. त्यांचे ओठ कोरडे पडले होते, आणि पहिल्यांदाच माझ्या लक्षात आलं की ही बाई माझ्यापेक्षा वीतभर बुटकी आहे. मी काहीतरी चांगलं बोलायला हवं होतं. माझ्या तोंडून निघालं, "बदली बाई शोधलीत?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "नऊ जणींना फोन केले. कुणी यायला तयार नाही."

मला आनंद झाला. सांगायला लाज वाटते, पण झाला.

वरच्या ऑफिसने एक बाई पाठवली. ती दोन दिवस आली. तिसऱ्या दिवशी तिने फोनच उचलला नाही. उरलो पाच जणी. त्यात मुख्य मी, म्हणजे सूप माझं, तेल माझं, चव माझी, ऑफिसला उत्तर द्यायचं तेही माझं. जूनमध्ये स्वयंपाकघरात उभं राहवत नाही. गमबुटात घाम साठतो, चालताना पचपच आवाज येतो. माझा खांदा पुन्हा बोलायला लागला. घरी जेवायला बसले की चमचा हातातून सुटायचा.

पहिल्या आठवड्यात आम्ही म्हणत होतो, बिचारी. दुसऱ्या आठवड्यात कुणी नाव काढेना. तिसऱ्या आठवड्यात जोंग-ये म्हणाली, "बावीस वर्षं उभी राहिली आणि निजली ती नेमकी तळणाच्या महिन्यात." मी तिला गप्प बस म्हटलं नाही. कारण सकाळी बस धरताना, तांदळाचं पोतं ओढताना, माझ्याही मनात तेच चाललं होतं. ती झोपली असेल. पंखा लावून झोपली असेल. आणि मी इथे मरतेय. जिचा मी वर्षभर द्वेष केला, तिचे शब्द आता माझ्या तोंडात होते, आणि ते तिथे अगदी चपखल बसत होते.

एका सोमवारी दुपारी, ताटं धुऊन झाल्यावर, मी मागच्या अंगणात गॅसच्या टाक्यांपाशी उभी राहून त्यांना फोन केला.

"ताई, कशी आहे तब्येत?"

"बरी आहे."

"जखम?"

"भरतेय."

"जेवण जातं ना?"

"फोन कशाला केलास ते सांग."

मी म्हटलं, "आम्ही पाचच जणी आहोत, ताई."

पलीकडून श्वास तेवढा ऐकू येत होता, मधेच अडखळणारा.

"बुधवारी तळण आहे," मी म्हटलं.

"माहितीय. महिन्याचा तक्ता माझ्याकडे आहे." मग त्या म्हणाल्या, "येते."

नको म्हणायला माझ्याकडे मंगळवारचा अख्खा दिवस होता. मी म्हटलं नाही.

बुधवारी सकाळी सात वाजता त्या माझ्याही आधी हजर होत्या. एप्रनची नाडी अंगाभोवती दोन वेढे जास्त बसली होती. मी त्यांना भाजीची एक पेटी पालथी घालून दिली. "तुम्ही फक्त बसून लसूण सोला." त्या बसल्या नाहीत. उभ्यानेच दोन किलो लसूण सोलला. जोंग-येने त्यांना तब्येतीचं विचारलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "तोंड कमी चालव, हात चालव." जोंग-ये माझ्याकडे बघून हसली. आम्हा सगळ्यांनाच हायसं वाटलं. बाई होती तशीच होती, म्हणजे काही फार झालेलं नव्हतं.

त्या दिवशी डुकराच्या मांसाचे काप तळायचे होते. एका ताटात दोन, म्हणजे पंधराशे साठ. साडेदहाला दोन कढया तापल्या. अकराच्या सुमाराला जोंग-येच्या मनगटात पेटका आला. ती झारा खाली ठेवून हात झटकायला लागली. ओक-सिमताई लसणाचं भांडं ठेवून तिच्यापाशी गेल्या आणि त्यांनी झारा उचलला. मी पलीकडे सूप ढवळत होते. मी ते बघितलं. नीट बघितलं, आणि पुन्हा सूपकडे वळले.

वाढपाला वीस मिनिटं राहिली असताना त्या बसल्या. पडल्या नाहीत. कढईच्या कठड्याला धरून हळूहळू खाली बसल्या, निंदायला बसावं तशा. ओठांचा रंग उडाला होता. तोंड उघडं होतं, पण आत हवा जात नव्हती. जोंग-ये भाताची परात घेऊन येत होती. खाली ठेवायला जागा नव्हती. ती त्यांना ओलांडून पुढे गेली.

मी आणि आणखी एकीने त्यांना काखेत धरून विश्रांतीच्या खोलीत नेलं. गरम फरशीवर निजवलं. डोक्याखाली कुणाचंतरी जाकीट दिलं. त्यांनी माझी बाही धरली होती.

"तेल," त्या म्हणाल्या. "तेल बंद केलंस?"

"केलं. तुम्ही जरा पडा, ताई. वाढप आटपलं की बघते."

मी शब्दशः हेच म्हटलं.

घंटा झाली. पोरं रांगेत आली. मी एकेका ताटात दोन दोन काप ठेवत गेले. एका मुलाने तिसरा मागितला, तर मी त्याला हसून दिला. सूप पुरलं, भात पुरला, किमची थोडी उरली. शेवटची रांग संपेपर्यंत पन्नास मिनिटं गेली. मग मी दार उघडलं. त्या एका कुशीवर मुटकुळं करून पडल्या होत्या, नखं निळी झाली होती, आणि छातीतून फाटक्या भात्यासारखा आवाज येत होता.

रुग्णवाहिका सात मिनिटांत आली. सात मिनिटांत. घंटा व्हायच्या आधीच ती येऊन त्यांना घेऊनही गेली असती.

"तू आधी फोन करायला हवा होतास," जोंग-ये दारात उभी राहून म्हणाली.

"तू का नाही केलास?"

"मुख्य तू आहेस."

त्या वाचल्या. उरलेलं फुप्फुस आक्रसलं होतं, ते नळी घालून फुगवलं. पण शाळेत पुन्हा येण्यासारख्या त्या राहिल्या नाहीत. दवाखान्यात गेले तेव्हा मला बघून त्यांनी नाकातली नळी बाजूला केली आणि म्हणाल्या, "तू इथे? मग तिकडे कोण आहे?" रविवार आहे, असं मी सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. अर्धा तास मी बसले होते. त्यांनी मान वळवली नाही.

दुसऱ्या दिवशी बेकबाई स्वयंपाकघरात आल्या. मुख्याध्यापकांनी निरोप दिला होता. इतकं होऊनही जेवण वेळेवर गेलं, याबद्दल सगळ्यांचे मनापासून आभार. बेकबाई ते कागदावरून वाचत होत्या, त्या अर्ध्यावरच थांबल्या. त्यांनी कागद दुमडून खिशात घातला.

मी भिंतीवरचा महिन्याचा तक्ता काढला आणि टेबलावर ठेवून पेनाने तळणावर रेघा मारल्या. चार होती. चारही.

"हे काय करताय?" बेकबाई म्हणाल्या.

"सहावी बाई येईपर्यंत तळण नाही. तीनच पदार्थ. पाच जणींना जेवढं झेपेल तेवढं."

"पालक तक्रार करतील."

"करू देत."

"मला वर उत्तर द्यावं लागेल, मि-रानबाई."

"मलाही एकदा द्यावं लागणार आहे," मी म्हटलं. त्यांना ते कळलं की नाही, कोण जाणे.

तक्रारी आल्याच. कुणीतरी ताटाचा फोटो पालकांच्या गटावर टाकला. भात, मुळ्याचं सूप, उकडलेलं अंडं, किमची. त्याखाली कुणीतरी लिहिलं, "कामचुकार बायकांना सरकारी पगार." जोंग-येने मला तो मजकूर वाचून दाखवला. "आजवर शिव्या खाव्या लागल्या नव्हत्या, तुझ्यामुळे खाल्ल्या," ती म्हणाली. तिघींनी माझ्याशी बोलणं टाकलं. पंधरा दिवसांनी दुसऱ्या शाळेतून एक मुख्य आचारीण आमच्याकडे आली आणि मी पुन्हा साधी बाई झाले. सहावी बाई आली ती अशी.

पण त्या पंधरा दिवसांत एक झालं. जोंग-ये एका सकाळी हातात कागद घेऊन आली. दोन्ही मनगटांचं ऑपरेशन, एकेक करून. ती कागद पुढे करून तशीच उभी राहिली. टोमण्याची वाट बघत होती. मी सही केली.

"बदली?" तिने विचारलं.

"ते बेकबाई बघतील. तू झोप जाऊन."

"टोमणा मारतेस?"

"नाही."

तिचा विश्वास बसला नाही. अजूनही बसलेला नसेल.

ऑगस्टमध्ये शाळेला सुट्टी होती. मी पीच घेतले आणि ओक-सिमताईंच्या घरी गेले. बंदराच्या बाजूच्या गल्लीत त्यांचं बसकं घर आहे. दुपारचे दोन वाजले होते, गल्लीत चिटपाखरू नव्हतं. मी दार वाजवलं. आतून काहीच आवाज आला नाही. पुन्हा वाजवलं. मग काहीतरी सरकवल्याचा, गुंडाळल्याचा आवाज झाला आणि बऱ्याच वेळाने दार वीतभर उघडलं. आत अंधार होता.

"मागे परसात होते," त्या म्हणाल्या. "काय काम आहे?"

"काही नाही. भेटायला आले."

त्यांनी पिशवी घेतली, पण दार पुरतं उघडलं नाही. मी रस्ताभर जे पाठ करत आले होते, ते उभ्यानेच बोलायला लागले. सोमवारचा फोन. बुधवारी मी बघूनही सूपकडे वळले ते. ती पन्नास मिनिटं. तिसरा काप मागणारा मुलगा.

"एवढं कशाला सांगतेस," त्यांनी मला मधेच तोडलं. बोलताना त्यांना दर तीन-चार शब्दांनी थांबावं लागत होतं. "मीसुद्धा आधी वाढपच केलं असतं."

"म्हणून तर," मी म्हटलं.

"रडायचं असेल तर घरी जाऊन रड."

मी रडले नाही. गल्लीच्या टोकाला मासे सुकवायच्या जाळ्यांवर ऊन तापत होतं. मग त्यांनी विचारलं, "सुट्टीत काय करतेस?"

"काही नाही."

"काही नाही म्हणजे?"

"पडून राहते. आ-रम पण पडून राहते. दुपारी दोघी झोपतो."

त्यांनी नाक मुरडलं. "लोकांना बरा वेळ मिळतो. मी सकाळपासून दोन किलो सोयाबीनचे कोंब निवडलेत. आत्ता कुठे हात धुतले."

असं म्हणत त्यांनी पिशवी आत ठेवायला दार जरा जास्त उघडलं आणि ऊन त्यांच्या तोंडावर पडलं. आत जमिनीवर पंखा हळूहळू फिरत होता. त्यांचे केस एका बाजूने चपटे झाले होते, आणि डाव्या गालावर, कानापासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, बांबूच्या चटईच्या काड्या लालभडक उमटल्या होत्या.

"दोन किलो," मी म्हटलं. "दमला असाल."

"छे," त्या म्हणाल्या.